सही आणि सातबारा

गेल्या वर्षी आमच्या सोसायटीच्या कुंपणभिंतीला रंग लागला. कुठला रंग, यावरून सभेत नेहमीसारखी वादावादी झाली आणि शेवटी कुणीतरी म्हणालं, ‘वारली काढून घेऊ, छान दिसतं.’ इतकं झटपट एकमत आमच्या सोसायटीत पाण्याच्या टँकरवरही होत नाही. आठ दिवसांत ठेकेदाराच्या माणसांनी गेरूच्या छटेच्या ऑइलपेंटवर पत्र्याचे छाप धरून पांढऱ्या रंगाचे हात मारले आणि फाटकापासून पंपाच्या खोलीपर्यंत तारप्याचा नाच उभा राहिला. बिलात त्याची एक ओळ होती: ‘वारली डिझाइन’, पुढे चौरस फूट, त्यापुढे दर.

लांबून पाहिलं तर चित्र वाईट नव्हतं. पण तारप्याच्या नाचात वाजवणारा मधोमध असतो. नाचणाऱ्यांची साखळी त्याच्याभोवती शंखाच्या वेटोळ्यासारखी वळत जाते, तिचं एक टोक मोकळं असतं आणि तारप्याकडे कुणी पाठ करत नाही. आमच्या भिंतीवर ही साखळी बांगडीसारखी बंद झालेली होती. वाजवणाऱ्याला आत जागा न उरल्यामुळे तो विजेच्या मीटरशेजारी एकटाच तारपा फुंकत उभा होता आणि सगळा नाच त्याच्याकडे पाठ करून चालला होता.

रंगाऱ्यावर माझा राग नाही. तोही पोटासाठी मुलूख सोडून आलेला. हातात दिलेला छाप त्यानं नीट मारला. मला खटकलं ते दुसरंच. मुंबईची लोकल डहाणू रोडपर्यंत जाते. तिथून आत गंजाडसारखी गावं आहेत, जिथे ही चित्रं काढून संसार चालवणारी माणसं राहतात. त्यांच्यातल्या एखाद्याला बोलवावं, त्याचं नाव विचारावं, असं त्या सभेत एकालाही सुचलं नाही. मीही सभेला हजर होतो.

आपल्या संस्कृतीत आणि आपल्या मुलखात पाय रोवून कलेवर आयुष्य उभं करता येतं का, याचं उत्तर हल्ली भाषणांतून मोठ्या आत्मविश्वासानं दिलं जातं. मुळांना धरून राहा, जग तुमच्या दारात येईल. वारल्यांच्या दारात जग येऊन पन्नास वर्षं होत आली. ते येतं, चित्र घेतं आणि जातं. गेल्यावर मागे काय उरतं आणि ते कुणाच्या नावावर उरतं, हे मात्र भाषणात येत नाही. आपल्याकडे माणसाची पत जोखायची तर दोन गोष्टी पाहतात: त्याची सही चालते का, आणि सातबाऱ्यावर त्याचं नाव आहे का. आदिवासी कलावंताच्या कारकिर्दीलाही हीच दोन मापं लावावीत, असं मला वाटतं. संस्कृतीची थोरवी त्यानंतर गाऊ.

आधी सहीचं बघू. वारल्यांच्या परंपरेत सही नव्हतीच. लग्नघरात कारवीच्या कुडाला शेणामातीचं सारवण, त्यावर गेरू, आणि त्यावर तांदळाच्या पिठाच्या पांढऱ्या रेषेनं चौक. चौक ‘काढत’ नाहीत, ‘लिहितात’. तो लिहिण्याचा मान सवाशिणींचा. मधे पालघट देवी, शेजारच्या लहान चौकात घोड्यावर बसलेला पंचशिऱ्या देव, भोवती झाडं, माणसं, जनावरं. धवलेरी गाणी म्हणते, लग्न लावते, आणि चौक लिहिल्याशिवाय लग्न लागत नाही. म्हणजे ही भिंत लग्नविधीचाच भाग होती, मांडवाची सजावट नव्हे. लग्न उरकलं, ऋतू उलटले, पावसानं, धुरानं ती रेषा विरली तरी कुणाला हळहळ नाही. पुढच्या लग्नाला पुढचा चौक.

अशा कलेची ‘कारकीर्द’ कशी होणार? कारकिर्दीला टिकाऊ वस्तू लागते, विकणारा आणि घेणारा लागतो, आणि सगळ्यात आधी एक नाव लागतं. यातलं काहीच त्या भिंतीत नव्हतं. म्हणून वारली चित्रकलेची पहिली मोठी कारकीर्द घडली ती परंपरा मोडूनच, आणि ही गोष्ट आपण गोड शब्दांत झाकून ठेवतो.

ती मोडणारा माणूस जिव्या सोमा म्हसे. जन्म १९३४चा, तलासरी तालुक्यातल्या धामणगावचा. लहानपणी, सातेक वर्षांचे असताना, आई गेली. त्या धक्क्यानं पोराचं बोलणंच थांबलं आणि धुळीत चित्रं काढून ते आपलं म्हणणं सांगू लागले, असं त्यांच्याविषयी सांगतात. पुढे ते गंजाडला राहिले. सत्तरच्या दशकात भास्कर कुलकर्णी नावाचा एक भटका, मनस्वी चित्रकार त्या भागात पोचला. दुष्काळाच्या काळात पुपुल जयकरांच्या सांगण्यावरून बिहारात मधुबनीच्या बायकांच्या हाती कागद देणारा हाच माणूस. वारली पाड्यांवरही तो कागद घेऊनच गेला. बायकांची कला शोधत गेलेल्या या माणसाला तिथे एक पुरुष भेटला, जो लग्न नसताना, विधी नसताना, निव्वळ काढावंसं वाटतं म्हणून रोज चित्र काढत होता. १९७५मध्ये मुंबईच्या केमोल्ड गॅलरीत जिव्यांची चित्रं लागली. १९७६मध्ये राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. पुढे शिल्पगुरू, नेदरलँड्सचा प्रिन्स क्लॉस पुरस्कार, २०११मध्ये पद्मश्री.

इथे जरा थांबावंसं वाटतं. बायकांचं काम पुरुषानं उचललं, विधीतलं बाजारात आणलं, सगळ्यांचं होतं त्यावर एकट्याची सही केली, असा आरोप करता येतो आणि तो पूर्ण खोटा नाही. सवाशिणींची नावं कुणी लिहून ठेवली नाहीत. पैसा आणि मान वारली चित्रांना मिळू लागला तेव्हा पुढे आले ते बहुतेक पुरुषच. मधुबनीत कागदावरही बायकांचा हात पुढे राहिला. डहाणूत तसं झालं नाही. ही या गोष्टीतली खरी तूट आहे आणि ती अजून भरलेली नाही.

पण आरोप इथवरच पोचतो. जिव्यांनी पालघटाचा चौक उचलून कागदावर विकला नाही. त्यांची चित्रं चौकाच्या चौकटीतून बाहेर पडलेली. पाण्यात पसरलेलं मासेमारीचं अवाढव्य जाळं घ्या. त्यात रेषेवर रेषा, हजारो बारीक फटकारे, आणि त्या विस्तारात कुठेतरी होडी, कुठेतरी मुंगीएवढी माणसं. शेतीची कामं, मुंग्यांचं वारूळ, पाड्याची वर्दळ. ही दृष्टी त्यांची एकट्याची. भाषा वारल्यांची, पण बोलणं जिव्यांचं. मराठी कुणा एकाची नाही म्हणून तुकारामाच्या अभंगावर तुकारामाचं नाव नको, असं कुणी म्हणत नाही. शेवटच्या चरणात तो आपलं नाव घालतोच. आदिवासी माणसाच्या बाबतीत मात्र आपल्याला चटकन ‘सामूहिक परंपरा’ आठवते. सामूहिक म्हटलं की नाव विचारायला नको, नाव विचारलं नाही की दामही विचारायला नको. आमच्या सोसायटीच्या बिलातली ती ओळ याच सोयीतून आली.

म्हणून जिव्यांची सही मला परंपरेशी केलेली गद्दारी वाटत नाही. परंपरा त्या सहीनंच वाचली असं मी म्हणत नाही. पण ती सही झाली नसती तर आज वारली म्हणजे निव्वळ एक छाप उरला असता. आपल्या शाळांमधून एव्हाना तो छापच झालाय. दोन त्रिकोण टोकाला टोक लावले की माणूस झाला, असं चौथीतल्या मुलाला सांगतात आणि पाच मार्क देतात.

आता सातबारा. जिव्या जन्मले तो तलासरी-डहाणूचा मुलूख स्वातंत्र्याच्या आधी सावकार-जमीनदारांच्या वेठीला बांधलेला होता. तिथे एक प्रथा होती, लग्नगड्याची. लग्नासाठी जमीनदाराकडून कर्ज घ्यायचं आणि ते फिटेपर्यंत नवरा-बायकोनं त्याच्या घरी राबायचं. फिटायचं तर ते नाहीच. आयुष्यच्या आयुष्य त्यात जायचं. १९४५मध्ये गोदावरी परुळेकर आणि शामराव परुळेकर यांच्या नेतृत्वाखाली वारली उठले ते या वेठबिगारीविरुद्ध आणि लग्नगड्याच्या गुलामीविरुद्ध. गोदावरीबाईंचं ‘जेव्हा माणूस जागा होतो’ पुष्कळांनी वाचलेलं असतं, आणि वारली चित्रांचा मगही पुष्कळांच्या घरी असतो. पण या दोन गोष्टी एकाच भिंतीच्या आहेत, हे आपल्या मनात जुळत नाही. ज्या लग्नासाठी सवाशिणींनी पालघटाचा चौक लिहिला, त्याच लग्नापायी तो नवरा गहाण पडला. चौकातली भाताची कणसं ज्याच्या घामाची, ती पिकली दुसऱ्याच्या जमिनीवर. या चित्रांतला निसर्ग ‘निरागस’ आहे असं कलासमीक्षक लिहितात तेव्हा मला हसू येतं. त्यात निरागस काही नाही. न मिळालेल्या जमिनीचं इतकं बारीक स्मरण क्वचित कुणी ठेवलं असेल.

आणि स्वातंत्र्यानंतर? १९७६च्या राष्ट्रीय पुरस्काराच्या वेळी जिव्यांना दिल्लीत जमिनीचं आश्वासन मिळालं. तीन-साडेतीन एकर. कलावंताला पोट भरता यावं म्हणून शेत. ती प्रत्यक्ष मिळायला २०११ साल उजाडलं. मधल्या पस्तीसेक वर्षांत त्यांची चित्रं पॅरिस, ड्यूसेलडॉर्फ, मिलान पाहून आली. पंतप्रधान, मुख्यमंत्री कितीतरी बदलले. हा तर पुरस्कारांचा डोंगर ज्याच्या नावावर आहे असा माणूस. ज्याच्या नावावर काहीच नाही अशा वारल्याच्या दाव्याचं काय होत असेल? ‘मायभूमीत रुजलेली कला’ हा शब्दप्रयोग मला हल्ली सहन होत नाही, तो यासाठी. रुजायला भूमी लागते, आणि तिचा फेरफार तलाठ्याकडे होतो.

याच ठिकाणी बरेच कलारसिक अस्वस्थ होतात. कलेच्या चर्चेत जमीन, मजुरी, वनहक्काचे दावे कशाला? माझं उलट म्हणणं आहे. शहरातल्या चित्रकाराला मुलूख ही प्रेरणा असते. बदलापूरला गेला काय, बर्लिनला गेला काय, आठवणीवर काम भागतं. वारली चित्रकारासाठी मुलूख हा त्याचा शब्दकोश आहे. कुठल्या झाडाला कुठला फाटा फुटतो, भात कधी लावायचा, धान्यदेवी कणसरीचा मान कधी, वाघदेवाचा दगड कुठे, खेकडे धरायला कुठल्या ओहोळात हात घालायचा, हे सगळं तिथे राहून कळतं. दिवाळीनंतर पाडेच्या पाडे वीटभट्टीवर गेले, पोरं भट्टीवरच वाढली, तर पुढच्या पिढीच्या हातात रेषा येईल, पण रेषेत सांगायला काही उरणार नाही. तेव्हा छापच उरेल, आणि तो वारल्यानं मारला काय नि आमच्या रंगाऱ्यानं मारला काय, फरक शून्य.

डहाणू तालुका १९९१पासून पर्यावरणदृष्ट्या नाजूक क्षेत्र म्हणून जाहीर आहे. त्याच तालुक्याच्या किनाऱ्यावर वाढवणला महाबंदर होतंय; ७६ हजार कोटींहून मोठ्या या प्रकल्पाची पायाभरणी ऑगस्ट २०२४मध्ये झाली. बुलेट ट्रेनचा मार्ग याच पालघर जिल्ह्यातून जातो. बंदर हवं की नको, हा वाद मोठा आहे आणि इथे तो मी सोडवणार नाही. पण एक भाकीत करतो, आणि ते चुकलं तर मला आनंद होईल: त्या बंदराच्या स्वागतकक्षात वारली चित्रं असतील.

मुळांचा आग्रह धरणाऱ्यांत एक जात अशीही आहे, जी चित्रकाराला त्या मुळांशीच दावणीसारखी बांधते. खरी वारली फक्त गेरूवर, फक्त तांदळाच्या पिठानं, बांबूची काडी चावून केलेल्या कुंचल्यानं, आणि विषय फक्त तारपा, लग्न, लावणी. चित्रात विमान आलं, मोटरसायकल आली की यांचा चेहरा पडतो. यांच्या स्वतःच्या घरी मात्र जात्यावर दळण पडत नाही. जिव्यांनीच पुढे कापडावर शेणाचा थर देऊन त्यावर ॲक्रिलिकचा पांढरा रंग वापरला. शेण राहिलं, पीठ गेलं. का? तांदळाचं पीठ कापडावर टिकत नाही. एवढं साधं कारण. शुद्धतेचा सोस नेहमी न राबणाऱ्याला असतो.

या आग्रहाचं दुसरं, जास्त प्रतिष्ठित रूप संग्रहालयांत दिसतं. १९८९मध्ये पॅरिसच्या पाँपिदू केंद्रात ‘मॅजिशियन्स द ला तेर’ हे प्रदर्शन भरलं. जगाच्या कानाकोपऱ्यांतले कलावंत आणि पश्चिमेतले नामवंत एकत्र. त्यात जिव्या होते, मध्य प्रदेशचे जनगढ सिंह श्याम होते. नाव पाहा: भूमीचे जादूगार. बोलावलं मानानं, पण नावातच जादू घातली. २००३मध्ये ड्यूसेलडॉर्फला इंग्लंडचे रिचर्ड लाँग आणि जिव्या यांचं जोडप्रदर्शन झालं, पुढच्या वर्षी ते मिलानला गेलं. लाँग चालत जातात, वाटेवर दगडांची वर्तुळं मांडतात, हातानं चिखलाचे वेढे भिंतीवर काढतात. मातीचं वर्तुळ इंग्रजानं काढलं की ती समकालीन कला, वारल्यानं काढलं की लोककला. हे प्रदर्शन या भेदाला छेद देणारं होतं आणि म्हणून ते मला महत्त्वाचं वाटतं. पण आपल्या देशात? आजही वारली चित्र घ्यायचं तर बरेच लोक हस्तकलेच्या मेळ्यात जातात, आणि मेळ्यात घासाघीस करणं हा आपण आपला हक्क मानतो.

जनगढचं नाव आलंच आहे तर त्यांच्याविषयी सांगायला हवं, कारण मुलूख सोडून कारकीर्द करण्याची वाट त्यांनी चालून पाहिली. पाटणगढ हे त्यांचं, नर्मदेच्या वरच्या अंगाचं, आज दिंडोरी जिल्ह्यात असलेलं गाव. जनगढ परधानांतले; परधान हे गोंडांचे भाट. बाणा नावाचं तंतुवाद्य वाजवत यजमानाच्या दारी देवांच्या, राजांच्या कथा गायच्या, त्याबदल्यात दान घ्यायचं. यजमानच गरीब झाला तसं ते गाणंही ओसरलं. १९८१च्या सुमारास जगदीश स्वामिनाथन यांच्या भारत भवनाच्या चमूला एका भिंतीवर या पोराचं चित्र दिसलं आणि त्यांनी त्याला भोपाळला आणलं. जे गळ्यातून जायचं ते जनगढनं रंगात उतरवलं. ज्या देवांना कधी रूप नव्हतं त्यांना रूप दिलं, ठिपक्यांनी, बारीक रेघांनी अंग भरलं. भोपाळच्या विधान भवनाच्या भिंतींवर त्यांचं काम आहे. सगळं वीस वर्षांत. २००१च्या जुलैमध्ये जपानमधल्या एका संग्रहालयात काम करायला गेले असताना, घरापासून हजारो मैलांवर, त्यांनी आपलं आयुष्य संपवलं. का, याच्या तर्कांत मी शिरणार नाही. मागे राहिलेली गोष्ट मात्र ठळक आहे. त्यांच्या शैलीला लोक ‘जनगढ कलम’ म्हणतात. गायकीला घराणं असतं तसं एका आदिवासी चित्रकाराच्या नावानं घराणं. त्या घराण्यातल्या भज्जू श्याम यांना २०१८मध्ये आणि दुर्गाबाई व्याम यांना २०२२मध्ये पद्मश्री मिळाली.

दुर्गाबाई आणि सुभाष व्याम यांचं ‘भीमायन’ मराठी माणसानं पाहायलाच हवं. बाबासाहेबांच्या आयुष्यावरचं ते चित्रपुस्तक. चित्रकथेच्या ठरीव चौकोनांत माणसांना कोंडायला या जोडप्यानं नकार दिला. पानावर मोकळी जागा हवी, आमच्या माणसांना श्वास घेता आला पाहिजे, अशी त्यांची भूमिका. मग चौकोनांऐवजी पानं विभागली गेली ती डिगनाच्या नक्षीनं, जी परधान-गोंड घरांच्या भिंतींवर, ओट्यावर काढतात. बाबासाहेबांना पाणी नाकारलं गेलं ती गोष्ट मासे, जलचर, हापसा अशा रूपांतून उलगडते. कुणी या जोडप्याला म्हणालं नाही की गोंड चित्रकारांनी महूचा, महाडचा विषय का घ्यावा. मुळं घट्ट असली की विषय कुठलाही चालतो, याचा याहून चांगला दाखला मला ठाऊक नाही.

आता दाम. याबाबतीत ऑस्ट्रेलियाच्या मूळ रहिवाशांचा अनुभव आपल्याला पुष्कळ शिकवतो, कारण तिथे फसवणूकही आधी झाली आणि उपायही आधी शोधले गेले. ॲल्बर्ट नामतजिरा हा अरेर्न्ते जमातीचा जलरंग चित्रकार, १९५९मध्ये वारला. त्याच्या चित्रांचे हक्क सरकारी विश्वस्तानं १९८३मध्ये एका प्रकाशकाला साडेआठ हजार डॉलरला विकून टाकले. ते कुटुंबाच्या बाजूला परत यायला २०१७ उजाडलं. क्लिफर्ड पॉसमचं ‘वार्लुगुलाँग’ हे प्रचंड चित्र १९७७मध्ये एका बँकेनं १,२०० डॉलरला घेतलं. २००७च्या लिलावात तेच चित्र २४ लाख डॉलरला गेलं. चित्रकार तोवर गेलेला होता. घरच्यांच्या हाती त्या वाढीतलं काही आलं नाही. अशाच अनुभवांतून तिथे कायदा झाला आणि जून २०१०पासून चित्र पुन्हा विकलं गेलं की पाच टक्के चित्रकाराला किंवा त्याच्या वारसाला मिळू लागले.

वाचकाला वाटेल, आपल्याकडेही असा कायदा हवा. तो आहे! स्वामित्वहक्क कायद्याचं कलम ५३अ, १९९४च्या दुरुस्तीनं आलेलं. मूळ चित्र दहा हजार रुपयांपेक्षा जास्त किमतीला पुन्हा विकलं गेलं तर चित्रकाराला त्यात वाटा, जास्तीत जास्त दहा टक्क्यांपर्यंत. कागदावर ऑस्ट्रेलियापेक्षा उदार. पण चित्र कधी, कुणाला, कितीला विकलं गेलं हे गंजाडच्या माणसाला कळवणार कोण? कळलं तर दावा लावणार कोण? वाटा आहे, वाटणारा नाही.

वारली चित्रकलेला २०१४मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. त्यासाठी आदिवासी तरुणांच्याच संस्थेनं खटपट केली, याचं मला कौतुक आहे. मानांकनानं नाव मुलखाशी बांधलं जातं. दुसरीकडचा माल वारली म्हणून विकणं बेकायदा ठरतं. पण आमच्या भिंतीवरचा छाप त्यानं अडला नाही. आणि अडवायला कोर्टात जायचं म्हटलं तर खर्च पाड्याला झेपणारा नाही. स्वामित्वहक्क एका माणसाचा, मानांकन मुलखाचं. या दोहोंच्या मधे जो समाज आहे, ज्याची ही भाषा, त्याचं काय? हा पेच ऑस्ट्रेलियातल्या न्यायालयापुढे १९९८मध्ये आला होता. जॉनी बुलुन बुलुन या चित्रकाराचं, त्याच्या जमातीच्या पवित्र पाणवठ्याचं चित्र परवानगीशिवाय छापलेलं कापड एका कंपनीनं आणून विकलं. न्यायालयानं जमातीला चित्राची भागीदार मालक मानलं नाही. पण असं म्हटलं की हा चित्रकार आपल्या जमातीशी विश्वासाच्या नात्यानं बांधलेला आहे; जमातीचं ज्ञान वापरताना त्याचा गैरवापर होऊ न देणं हे त्याचं कर्तव्य आहे. मला ही मांडणी फार आवडते. सही त्याची एकट्याची, पण त्या सहीवर गोताचं ऋण. आपल्याला हे परकं वाटू नये. घराण्याचा गायक बंदिश गातो तेव्हा असंच काहीसं मानतो.

आणि ऋण फेडायची व्यवस्थाही हवी. ऑस्ट्रेलियाच्या वाळवंटातल्या पापुन्या वस्तीतल्या चित्रकारांनी १९७२मध्ये स्वतःच्या मालकीची कंपनी काढली, पापुन्या तुला. पन्नास वर्षांनंतरही ती चित्रकारांच्याच मालकीची आहे. सगळं तिथे गोड आहे असं नाही; दलाल तिथेही आहेत, नकली मालही आहे. पण विकणारी पेढी आपली आहे एवढ्यानं घासाघिशीची दिशा बदलते. सहकाराचा इतका गाजावाजा करणाऱ्या महाराष्ट्रात, जिथे ऊस आणि दूध यांच्या संस्था उभ्या राहिल्या, तिथे चित्रकारांची एखादी दमदार पेढी डहाणूत उभी करायला आपल्याला काय अडलं होतं? चित्राला मतं नसतात, हे एक उत्तर. दुसरं उत्तर अधिक वाईट आहे: हा माल स्वस्तच मिळावा असं आपल्याला आतून वाटतं.

जिव्या १५ मे २०१८ला गेले. त्यांची मुलं सदाशिव आणि बाळू चित्रं काढतात. त्याच गंजाडचे मयूर आणि तुषार वायेडा हे भाऊ गावात राहून परदेशातल्या संग्रहालयांसाठी आणि प्रकाशकांसाठी काम करतात. बायकांच्या हातचा चौक अजून लग्नात लिहिला जातो, पण सिमेंटच्या घरकुलात त्याला पूर्वीसारखी भिंत मिळत नाही. ज्यांची आई-आजी तो चौक लिहायची त्या मुलींना चित्रकार म्हणून सही करायला मिळते का, हे मी पुढची दहा वर्षं पाहत राहणार आहे. या कलेचं बरं चाललंय की नाही ते मला तिथून कळेल, पद्म पुरस्कारांच्या यादीतून नव्हे.

आमची कुंपणभिंत चार वर्षांनी पुन्हा रंगेल. गेल्या वार्षिक सभेत मी लेखी ठराव दिला: काम डहाणू भागातल्या वारली चित्रकाराला द्यावं, दर त्यानं सांगावा, चित्र त्यानं ठरवावं आणि खाली त्याची किंवा तिची सही राहावी. ठरावाला अजून अनुमोदक मिळालेला नाही. तारपेवाला मीटरजवळच आहे.